आयपी ब्लॉक करून नेमकं कोण अडतं?

शब्दछळ

मी शब्दकोड्यांची एक वेबसाइट चालवते. रोज एक नवं कोडं, जुन्या कोड्यांचा साठा, खाली प्रतिक्रिया आणि खातं उघडणाऱ्यांसाठी गुणतक्ता. वर्डप्रेसवर आहे, भाड्याने घेतलेला छोटा व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरचा एक वाटा) आहे, त्यावर अपाची (पानं वाढून देणारा प्रोग्रॅम), आणि पुढे एक सीडीएन (वाचक आणि सर्व्हर यांच्या मधे उभी राहून पानं पोचवणारी सेवा). सीडीएन एका ओळखीच्याने बसवून दिला, त्याच्या आतलं मला विशेष कळत नाही. उत्पन्न शून्य, हौस भरपूर.

सध्या तीन दुखणी आहेत. पहिलं म्हणजे एक महाशय. प्रत्येक कोड्याखाली येऊन बाकीच्यांची अक्कल काढतात, त्यात बायकांशी जरा जास्तच घाण बोलतात. प्रतिक्रियेशेजारी वर्डप्रेस जो आयपी अ‍ॅड्रेस दाखवतं तो (म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीचा आकडी पत्ता) मी ब्लॉक करते, संध्याकाळी स्वारी दुसऱ्या पत्त्यावरून हजर. भाषा तीच, उद्गारचिन्हंही तेवढीच. दुसरं, लॉगिनच्या पानावर रात्रभर कुणीतरी पासवर्ड ठोकून बघत असतं, तेही 'अ‍ॅडमिन' या नावाने, जे खातं माझ्याकडे नाहीच. तिसरं, जुन्या कोड्यांचा साठा कुणीतरी पानामागून पान उपसून नेतं, आणि त्या वेळी साइट इतकी रखडते की खऱ्या माणसांना त्या दिवसाचं कोडंही उघडत नाही.

आतापर्यंत मी डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये, जिथे अपाचीला कुणाला अडवायचं ते सांगता येतं, एकेक पत्ता लिहीत आले. ती यादी आता स्क्रोल करून संपत नाही. फरक काही नाही. उलट गुणतक्त्यात कायम वरच्या पाचात असणाऱ्या एका बाईंची मेल आली की त्यांना हल्ली अधूनमधून '४०३, प्रवेश मनाई' दिसतंय. त्यांना अडवायचं तर माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

तर विचारायचं असं की आयपीवरून अडवणं हा मुळात उपाय आहे का? असेल तर एकेक पत्ता टाकायचा, अख्खी रेंज (सलग पत्त्यांचा पट्टा) टाकायची, की सरळ देशच्या देश बंद करायचे? लॉगिनवर ठोकाठोकी करणारे मोजक्याच देशांतले दिसतात.

तटबंदी

देश बंद करा. माझे वाचक जिथे आहेत तेवढेच देश मी उघडे ठेवलेत, बाकीच्यांना दार बंद. लॉग (कोण कधी आलं याची सर्व्हरची नोंदवही) आरशासारखा स्वच्छ. निरपराध माणूस अडकतो वगैरे प्रवचनं इथे आता सुरू होतील, ती ऐकायची आणि सोडून द्यायची. ज्याला खरोखर यायचंय तो मेल करतो. आणि रेंजच टाकायची तर /१६ टाका, म्हणजे पहिले दोन आकडे सारखे असलेले सगळे पत्ते. एकेक पत्ता वेचत बसलात तर म्हातारपण येईल.

रात्रपाळी

शब्दछळताई, तीन दुखणी तीन वेगळ्या जातीची आहेत आणि तुम्ही तिन्हींवर एकच मात्रा उगाळताय. सुटं सुटं बघू. (सर्व्हर सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम, पाळी बहुतेक रात्रीची, त्यामुळे तुमची ही पाहुणेमंडळी माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातली.)

महाशयांपासून सुरुवात करतो, कारण आयपी ब्लॉक सर्वांत कमी कामाचा तिथेच आहे. आयपीव्ही४ या पत्त्यांच्या जुन्या, अजूनही चालणाऱ्या पद्धतीत पत्ते एकूण ४ अब्ज २९ कोटी, त्यातलेही बरेच राखीव. वाटपासाठी ठेवलेला जगाचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ लाच संपला. गिऱ्हाइकं मात्र वाढतच राहिली. मग मोबाइल कंपन्या आणि बरेच ब्रॉडबँडवाले शेकड्यांनी गिऱ्हाइकं एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवायला लागले. याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात. एप्रिल २०१२ मध्ये तर १००.६४.०.० पासूनचा चाळीस लाखांवर पत्त्यांचा पट्टा खास या कामासाठी वेगळा काढून दिला गेला. तो कंपनीच्या आतच वापरायचा. तुमच्या सर्व्हरला दिसतो तो कंपनीचा बाहेरचा, सगळ्यांच्या मिळून वापरातला पत्ता.

आता महाशय काय करत असतील? फोन विमान मोडवर टाकायचा, परत चालू करायचा, बहुतेक वेळा नवा पत्ता. याला हॅकर असावं लागत नाही. आणि जुना पत्ता काही फेकून दिला जात नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जातो. महाशयांकडे तो तासभर असेल, तुमच्या यादीत तो जन्मभर राहतो. तुमची यादी जितकी लांब तितके त्यात महाशय कमी आणि परके जास्त.

शिवाय ४०३ चं पान ही त्यांना मिळालेली पोचपावती आहे. आपण बोचलो, समोरच्याने दार लावलं, चला दुसऱ्या दाराने. अशा माणसाला काहीच न कळणं जास्त लागतं. वर्डप्रेसच्या प्रतिक्रियांच्या सेटिंगमध्ये एक पर्याय आहे: ज्याची आधी एखादी प्रतिक्रिया मंजूर झालीय त्याचीच नवी प्रतिक्रिया लगेच दिसेल, बाकीच्या रांगेत थांबतील. तो चालू करा. त्याच पानावर शब्दांची यादी देता येते, त्यांच्या ठेवणीतल्या शिव्या तिथे टाका. रोज नव्या नावाने आले तरी रांगेतच अडकतील, आणि ती रांग वाचायची की नाही हे तुमच्या हातात.

लॉगिनवर मात्र आयपी ब्लॉक खरंच कामाचा आहे, कारण तिथे माणूस नसून यंत्र आहे. एका पत्त्यावरून मिनिटाला वीस पासवर्ड येत असतील तर तो पत्ता थोपवला की त्या क्षणापुरतं काम झालं. आणि लॉगमध्ये दिसणारा पत्ता बनावट असेल ही शंका इथे सोडून द्या. वेब टीसीपी या जोडणीच्या पद्धतीवर चालतं तेव्हा आधी दोन्ही बाजूंची निरोपानिरोपी पूर्ण व्हावी लागते, खोट्या पत्त्यावर उत्तर पाठवलं तर ते संभाषण पुढे सरकतच नाही. पत्ता खरा असतो, फक्त तो गुन्हेगाराचा नसतो. कुणाचा तरी विषाणू लागलेला राउटर, कॅमेरा, भाड्याचा सर्व्हर असतो, आणि मालकाला त्याची खबरही नसते.

म्हणून ब्लॉक तात्पुरता. फेल२बॅन नावाचं साधन लॉग वाचून हे आपोआप करतं. मूळ मांडणीत दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की दहा मिनिटं बंदी असते. परत तोच आला की बंदी दरवेळी लांबत जाईल अशीही सोय त्यात आहे, ती चालू करा. वर्डप्रेसची एक खोड लक्षात ठेवा: पासवर्ड चुकला तरी ते २०० ('सगळं ठीक') हाच कोड देतं, आणि बरोबर आला तर ३०२ ('पुढच्या पानावर जा'). त्यामुळे 'एररचे कोड मोजा' असा नियम लिहिलात तर काहीच सापडणार नाही. मोबाइल अ‍ॅप किंवा जेटपॅक हे वर्डप्रेसचं पूरक साधन वापरत नसाल तर बाहेरच्या प्रोग्रॅमना साइटशी बोलू देणारी एक्सएमएल-आरपीसीची फाइल सगळ्यांसाठीच बंद करा, पासवर्ड ठोकणाऱ्यांची ती मागची खिडकी आहे. आणि दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. ते लावल्यावर उरते ती कटकट, धोका फारसा नाही.

आता स्क्रेपर, म्हणजे साठा उपसणारा. इथे आधी तो कुठून येतो ते बघायचं. पत्ता हूइज या पत्त्यांच्या जाहीर नोंदवहीत टाकला की तो कोणत्या नेटवर्कचा आहे हे कळतं. डेटा सेंटरचा (सर्व्हरांच्या गोदामाचा) असेल तर त्या नेटवर्कचा क्रमांक, एएसएन, धरून अख्खा गट अडवता येतो. माणसं डेटा सेंटरमधून कोडी सोडवत नाहीत, बहुतांशी. पण त्याच डेटा सेंटरांतून फीड वाचणारी अ‍ॅप्स येतात, साइट चालू आहे का हे तपासणाऱ्या सेवा येतात, व्हीपीएनवाले (आपली रहदारी दुसऱ्याच पत्त्यामार्फत पाठवणारे) येतात. गूगलबॉट, म्हणजे शोधासाठी पानं वाचणारा गूगलचा प्रोग्रॅम, असल्याचं सांगणाऱ्या प्रत्येकाला गूगलबॉट समजू नका आणि खऱ्या गूगलबॉटला चुकून मारू नका. त्याची परीक्षा सोपी: डीएनएस, म्हणजे साइटचं नाव आणि पत्ता जुळवणारी यंत्रणा, तिच्यात उलटं, पत्त्यावरून नाव बघायचं, ते गूगलबॉट-डॉट-कॉम किंवा गूगल-डॉट-कॉमचं निघालं की ते नाव पुन्हा सुलटं शोधायचं, तोच पत्ता परत मिळाला तर तो खरा.

स्क्रेपर हुशार असेल तर मात्र तो घरगुती जोडण्या भाड्याने घेतो. हजारो पत्ते, प्रत्येकावरून एकदोन पानं. तिथे पत्त्यागणिक मोजणी संपली, कारण प्रत्येक पत्ता वागायला सज्जन आहे.

पण मला सांगा, तुमचा खरा त्रास कोणता? कोडी चोरीला जातात हा, की साइट रखडते हा? रखडण्यावर तरी आयपी सोडून औषध आहे. जुनं कोडं बदलत नाही. तरी ते दरवेळी पीएचपी आणि डेटाबेस उठवून नव्याने बनवलं जातंय. ती पानं सीडीएनच्या कॅशमधून, म्हणजे आधीच बनवून ठेवलेल्या प्रतींमधून, जाऊ द्या, मग कुणी रात्रभर उपसलं तरी तुमच्या व्हीपीएसला कळणारसुद्धा नाही. त्याउपर दर मिनिटाला अमुक पानं अशी मर्यादा घाला आणि ती ओलांडणाऱ्याला ४०३ ऐवजी ४२९ द्या. ४२९ चा अर्थ 'जरा दमाने घ्या'. सभ्य बॉट तो पाळतात, असभ्यांचं असंही काही बिघडत नाही.

तटबंदी, /१६ म्हणजे ६५,५३६ पत्ते. वेचायचा कंटाळा आला म्हणून एवढे? देशबंदीने लॉग स्वच्छ दिसतो हे मान्य. एक विचारतो: साइटचं सुरक्षेचं सर्टिफिकेट (ब्राउझरमधलं कुलूप) लेट्स एन्क्रिप्ट या ते देणाऱ्या संस्थेचं असेल तर त्याचं नूतनीकरण कसं होतं? फेब्रुवारी २०२० पासून ते लोक एकाच वेळी अनेक ठिकाणांहून साइट तपासतात आणि कुठून तपासणार ते पत्ते जाहीर करत नाहीत. देश बंद केलेल्या साइटचं कुलूप एक दिवस अचानक मोडलेलं दिसतं आणि मालक सर्टिफिकेटला शिव्या घालत बसतो. गूगलचे बॉटही बहुतेक अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतात. तो देश बंद यादीत गेला तर शोधातून साइट हळूहळू दिसेनाशी होते.

ताई, एक काम करा. ब्लॉक केलेल्या यादीतले थोडे पत्ते आणि लॉगिनच्या लॉगमधले थोडे पत्ते, पहिले दोन आकडे एवढेच, इथे टाका. मला एक शंका आहे.

तटबंदी

माझ्या सर्टिफिकेटची पडताळणी डीएनएसने होते, वेबने नाही. डीएनएस वेगळीकडे आहे, तिथे देशबंदी नाही. त्यामुळे कुलूप शाबूत आहे. गूगलच्या पत्त्यांची जाहीर यादी आहे, ती उघडी ठेवलीय. प्रवचन येणार म्हणालो होतो, आलं. पण बरं होतं.

रात्रपाळी

मग तुमची तटबंदी विचार करून बांधलेली आहे, माझी तक्रार मागे. शंभरातले बाकीचे हे दोन मुद्दे विसरतात म्हणून विचारलं.

खिडकीबाहेर

मी या चर्चेत पलीकडच्या बाजूचा. कामामुळे मला सदोदित कंपनीच्या व्हीपीएनमधून यावं लागतं. आमची सगळी कचेरी, म्हणजे वेगवेगळ्या खंडांतली माणसं, एकाच पत्त्यावरून बाहेर पडते. कुणा एकाने कुठेतरी उद्योग केला की उरलेले सगळे चित्रातले ट्रॅफिक सिग्नल ओळखत बसतात. काही साइट तेवढीही संधी देत नाहीत, नुसतं पांढरं पान आणि ४०३. 'यायचंय तो मेल करतो' हे तटबंदींचं वाक्य वाचून हसू आलं. मेलचा पत्ता त्या बंद पानाच्या आत असतो हो! आणि नसला तरी कोडं सोडवायला आलेला माणूस अर्ज करत नाही, दुसरीकडे जातो. तुमच्या लॉगमध्ये तो 'शांतता' म्हणून दिसतो.

यातलं सगळ्यात मोठं उदाहरण कतारचं. २००६ संपता संपता विकिपीडियावर उपद्रव करणारा एक पत्ता एका प्रचालकाने अडवला. तो पत्ता अख्ख्या देशाचा निघाला, तिथली इंटरनेट कंपनी सगळ्यांची रहदारी तिथूनच पाठवत होती. वाचन चालू होतं, बातम्यांत आलं तसं काही विकिपीडिया बंद झालेला नव्हता, पण खात्याशिवाय संपादन करणं देशभर थांबलं. चूक लक्षात आल्यावर तो ब्लॉक काही तासांत काढला गेला. तिथे निदान कुणीतरी बघायला होतं.

आणि पत्त्यावरून देश-गाव ओळखणाऱ्या याद्यांवर फार विसंबू नका. देश बहुधा बरोबर येतो, त्याखालचं सगळं अंदाजाचं. मॅक्समाइंड या अशा याद्या बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत, ज्या पत्त्यांबद्दल 'अमेरिका' यापलीकडे काहीच माहीत नाही, त्यांना अमेरिकेच्या नकाशाच्या मधोमध एक बिंदू नेमून दिला होता. तो पडला कॅन्ससमधल्या एका शेतावर. तिथल्या माणसांच्या दारात वर्षानुवर्षं पोलीस, चोरीला गेलेले फोन शोधणारे आणि फसवले गेलेले लोक येत राहिले. २०१६ मध्ये ते छापून आल्यावर कंपनीने बिंदू हलवून एका तलावात नेला.

पोटकलम

छोटी भर. पत्त्यांची यादी कायम साठवून ठेवायला तांत्रिकच नाही, कायद्याचीही अडचण येऊ शकते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १९ ऑक्टोबर २०१६ ला ब्रायर खटल्यात सांगितलं की बदलता आयपी अ‍ॅड्रेससुद्धा वेबसाइटवाल्याच्या हातात वैयक्तिक माहिती ठरू शकतो, जर त्या माणसाची ओळख इंटरनेट कंपनीकडून मिळवण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध असेल तर. सुरक्षेसाठी पत्ते काही काळ ठेवायला आडकाठी नाही, पण 'का ठेवले आणि कधी पुसणार' याचं उत्तर तयार असावं. यादीत प्रत्येक पत्त्यापुढे तारीख आणि कारण लिहिण्याची सवय त्यासाठीही बरी.

उलटं टोक म्हणजे २५ मे २०१८. जीडीपीआर हा युरोपीय संघाचा माहिती-संरक्षणाचा कायदा लागू झाला त्या दिवशी लॉस एंजेलिस टाइम्स आणि शिकागो ट्रिब्यून यांनी युरोपीय वाचकांना आयपीवरून सरसकट बाहेर ठेवलं. कायदा पाळण्यापेक्षा वाचक गमावणं त्यांना स्वस्त वाटलं. त्या दिवशी फिरायला म्हणून युरोपात गेलेल्या अमेरिकन वर्गणीदारालाही आपलं वर्तमानपत्र उघडलं नसणार.

शब्दछळ

सगळ्यांचे आभार. प्रतिक्रियांची रांग सुरू केली. महाशयांची आजची प्रतिक्रिया रांगेत पडून आहे, आणि त्यांच्या ते लक्षात आलेलं दिसत नाही.

रात्रपाळी, तुम्ही मागितलेले आकडे. प्रतिक्रियांवरून ब्लॉक केलेले: १६२.१५८, १७२.६९, १७२.७०, पुन्हा १६२.१५८, १०८.१६२, १७२.६८, १४१.१०१. असेच पुढे. मला वाटलं होतं महाशय एकाच कंपनीचं इंटरनेट वापरतात म्हणून आकडे सारखे येतात. लॉगिनच्या लॉगमध्ये मात्र काहीही मेळ नाही, प्रत्येक आकडा वेगळ्या गावचा.

रात्रपाळी

शंका खरी निघाली. प्रतिक्रियांवरचे हे सगळे पत्ते क्लाउडफ्लेअरचे आहेत, म्हणजे तुमच्याच सीडीएनचे. त्या पट्ट्यांची यादी ते स्वतः जाहीर करतात, ताडून बघा.

घडतंय ते असं. वाचक सीडीएनला भेटतो, सीडीएन तुमच्या अपाचीला भेटतो. अपाचीच्या दृष्टीने दारात उभा आहे तो सीडीएन, म्हणून तोच पत्ता लिहिला जातो आणि वर्डप्रेस तोच दाखवतं. महाशयांची प्रतिक्रिया ज्या मशीनमधून आली ते मशीन तुम्ही अडवलंत. त्याच मशीनमधून तुमच्या वरच्या पाचातल्या बाई येतात. कधी या मशीनमधून, कधी त्या, म्हणून त्यांना अधूनमधून ४०३. आणि महाशय संध्याकाळी 'दुसऱ्या पत्त्यावरून' आले असं दिसलं ते बहुधा जागचे हललेही नव्हते.

इलाज असा. वाचकाचा खरा पत्ता सीडीएन एका हेडरमध्ये (विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळीत) पाठवतो, क्लाउडफ्लेअरच्या बाबतीत त्याचं नाव सीएफ-कनेक्टिंग-आयपी. अपाचीत मॉड-रिमोटआयपी नावाचा जोडभाग चालू करायचा, हेडरचं नाव द्यायचं, आणि हे फार महत्त्वाचं, तो हेडर फक्त सीडीएनच्या पट्ट्यांकडून आला तरच खरा मानायचा असं बजावायचं. नाहीतर हेडर काय कुणीही लिहून पाठवू शकतो. एक्स-फॉरवर्डेड-फॉर नावाच्या दुसऱ्या हेडरची तीच गत, त्यातला पहिला पत्ता येणाऱ्याने स्वतःच्या मनाने घातलेला असू शकतो. कुणाचाही पत्ता घालून तुमच्याकडून तिसऱ्यालाच ब्लॉक करवून घेणं हा खेळ त्यामुळेच शक्य होतो. डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमधली प्रतिक्रियांवरून आलेली यादी आज पूर्ण पुसा. ती यादी प्रत्येक विनंतीला नव्याने वाचली जात होती ते वेगळंच.

आता लॉगिनवाले. त्यांचे आकडे क्लाउडफ्लेअरचे नाहीत, याचा अर्थ ते सीडीएनला वळसा घालून थेट तुमच्या व्हीपीएसच्या पत्त्यावर येतायत. सीडीएन बसवण्याआधीचा तुमचा पत्ता जुन्या डीएनएसच्या नोंदींमधून सापडतो, किंवा अख्खा पट्टा चाळणाऱ्या बॉटला तो आपसूक लागतो. इथे आयपीचा नियम सर्वांत खणखणीत चालतो, फक्त उलटा करून वापरायचा: फायरवॉलमध्ये (रहदारी गाळणाऱ्या कुंपणात) ८० आणि ४४३ हे पोर्ट, म्हणजे वेबची दारं, सीडीएनच्या पट्ट्यांनाच उघडे ठेवा, बाकी जगाला बंद. कोण वाईट याची यादी कधी संपत नाही. कोण चालेल याची यादी पंधरावीस ओळींची असते, आणि ती बदलली तर जाहीर होते.

हे झालं की फेल२बॅनबद्दल मी वर लिहिलं त्यात एक दुरुस्ती करावी लागते. आता सगळी रहदारी सीडीएनमधूनच येणार. लॉगमध्ये वाचकाचा खरा पत्ता असेल, फेल२बॅन तो फायरवॉलमध्ये टाकेल, आणि काहीच होणार नाही, कारण फायरवॉलच्या दारात तो पत्ता येतच नाही, येतो तो सीडीएन. बंदी सीडीएनच्या बाजूला नोंदवावी लागते. फेल२बॅनमध्ये त्याची तयार कृती आहे, सीडीएनच्या खात्याची चावी तिला द्यायची. जमत नसेल तर सीडीएनच्याच पटलावर लॉगिनच्या पानासाठी वेगाची मर्यादा घाला, तेवढ्यानेही भागतं.

खिडकीबाहेर

वाचनखूण साठवली. आमच्या कचेरीतल्या नेटवर्कवाल्यांना हा धागा छापून द्यावासा वाटतोय.

शब्दछळ

यादी पुसली, बाईंना मेल केली, त्यांना सगळं उघडतंय. हेडरचं काम ओळखीच्याकडून करून घेतलं, आणि आता प्रतिक्रियांशेजारी वेगळेच लांबलचक पत्ते दिसतायत, मध्ये दुबिंदू असलेले. हे आयपीव्ही६ ना? यातला एखादा पत्ता रात्रीपुरता अडवायचा झाला तर नेमकं काय लिहायचं? आणि तटबंदींचा देशांचा उपाय मी पूर्ण सोडून द्यावा का?

रात्रपाळी

हो, आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. तिथे एकटा पत्ता अडवण्याला काडीचा अर्थ नाही. एका घराला सहसा किमान /६४ चा पट्टा मिळतो, म्हणजे १८ वर १८ शून्यं इतके पत्ते, आणि खासगीपणासाठी फोन-लॅपटॉप त्यातला आपला पत्ता स्वतःहून बदलत राहतात, साधारण रोजच. म्हणून पत्त्याचे पहिले चार गट ठेवून मागचं सगळं सोडायचं आणि शेवटी /६४ लिहायचं. आयपीव्ही४ मधल्या एका पत्त्यासारखंच त्याच्याकडे बघा. उलट इथे बरंच नेमकं काम होतं, कारण एका /६४ मागे शेकडो परके सहसा नसतात.

देशांचं म्हणाल तर वाचनासाठी नको. तुमचे वाचक प्रवासात असतात, दुसऱ्या देशात राहायला गेलेले असतात, आणि कोडं सोडवायला भाषा लागते, देश लागत नाही. पण वर्डप्रेसचं व्यवस्थापनाचं पान वापरणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. त्या एका पानापुरता देशाचा नियम सीडीएनवर लावायला माझी काहीच हरकत नाही. गुणतक्त्यासाठी वाचक लॉगिन करतात ते पान तेच असेल तर आधी त्यांचं पान वेगळं करा, नाहीतर पुन्हा बाईंची मेल येईल.

तटबंदी

म्हणजे अर्धा मीच जिंकलो. एक शंका: हजारो मशीनमधून एकदम मारा झाला तर या सगळ्यातलं काय टिकतं?

रात्रपाळी

स्वतःच्या सर्व्हरवरचा ब्लॉक तर नक्कीच टिकत नाही. तुमचा फायरवॉल माहितीचं पाकीट फेकून देतो ते पाकीट दारापर्यंत आल्यावर, तोवर तार भरून गेलेली असते. ऑगस्ट २०२३ मधल्या एचटीटीपी/२ या वेबच्या बोलीतल्या पळवाटेवरच्या रॅपिड रीसेट हल्ल्यात क्लाउडफ्लेअरने सेकंदाला २० कोटींवर विनंत्या मोजल्या, आणि त्यामागे मशीन होती साधारण वीस हजार. ते वरच्या पातळीवरच अडवावं लागतं. कोड्यांच्या साइटसाठी सीडीएन आणि बंद केलेले पोर्ट यापलीकडे आपण करण्यासारखं फार नाही.

ताई, पोर्टचं काम ओळखीचे करणार असतील तर त्यांना एवढं सांगा: फायरवॉलला हात लावण्याआधी होस्टिंगच्या पटलावरचं कन्सोल उघडून ठेवायचं आणि एसएसएचचा (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या दाराचा) नियम सगळ्यात आधी लिहायचा, म्हणजे आपणच बाहेर अडकणार नाही. आणि सर्टिफिकेट वेबवरून पडताळलं जात असेल तर पोर्ट बंद केल्यावर नूतनीकरणाची एक चाचणी लगेच चालवून बघायची, मुदत संपल्यावर नाही.